घरातल्या संगणकांमध्ये फाइलींची सुरक्षित देवाणघेवाण : नेमकी मांडणी कशी करावी?

अबोली

नमस्कार. मी नाशिकला घरातूनच करसल्लागार म्हणून काम करते. बाहेरच्या खोलीत विंडोज ११ असलेला डेस्कटॉप आहे आणि अशिलांचे पॅन, आधार, बँकेची स्टेटमेंट्स, भरलेली रिटर्न्स असे सगळे त्याच्याच डी ड्राइव्हवर असते. त्याशिवाय माझा लॅपटॉप, मुलीचा उबुंटूचा लॅपटॉप, सासऱ्यांचा विंडोज १० चा जुना संगणक आणि यजमानांना त्यांच्या कंपनीने दिलेला लॅपटॉप, असे सगळे एकाच वाय-फायवर चालतात.

संगणक दुरुस्तीला आलेल्या एका तंत्रज्ञाने सोय म्हणून पूर्ण डी ड्राइव्ह शेअर करून दिला. त्यात ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ दिला आणि पासवर्डची अटही काढून टाकली. त्यामुळे कोणत्याही खोलीतून कोणतीही फाइल उघडता येते, हे खरे आहे. परंतु मुलीच्या मैत्रिणी प्रोजेक्टसाठी घरी येतात तेव्हा त्यांनाही वाय-फायचा पासवर्ड दिला जातो, आणि त्यांच्यापैकी एकीच्या लॅपटॉपवर ‘नेटवर्क’ उघडताच माझ्या अशिलांची फोल्डरे नावांसकट दिसली. तेव्हापासून मला स्वस्थता नाही.

मला हवे आहे ते असे : अशिलांची कागदपत्रे फक्त माझ्या लॅपटॉपवरून उघडावीत, घरचे फोटो सगळ्यांना पाहता यावेत, पण माझ्याशिवाय कोणाच्याही हातून पुसले जाऊ नयेत, आणि मुलीसाठी एक वेगळे फोल्डर असावे. अधूनमधून सासरी धुळ्याला जावे लागते, तिथून एखादी फाइल उघडता आली तर उत्तम. शक्यतो नवीन काही विकत न घेता हे करता येईल का?

हेमाडपंती

अबोलीताई, पुढची चर्चा चालत राहील, पण डी ड्राइव्हचे शेअरिंग मात्र आजच बंद करा. ड्राइव्हवर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’, त्यात ‘शेअरिंग’, त्यात ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’ उघडा आणि शेअरची खूण काढा. मग ‘सेटिंग्ज’मधल्या नेटवर्कच्या विभागात ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’ आहे, तिथे ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ पुन्हा चालू करा. एवढ्याने मैत्रिणींच्या लॅपटॉपवरून होणारा प्रवेश थांबेल.

त्यानंतरची मांडणी माझ्या मते अशी असावी. ड्राइव्ह कधीही शेअर करू नये, फोल्डर शेअर करावे. ‘अशील’, ‘फोटो’ आणि ‘कॉलेज’ अशी तीन वेगळी फोल्डरे करा आणि प्रत्येकाचे वेगळे शेअर बनवा. डेस्कटॉपवर प्रत्येक माणसासाठी वेगळे वापरकर्ता खाते हवे, कारण परवानगी माणसाला द्यायची असते, ‘एव्हरीवन’ला नाही.

विंडोजमध्ये परवानग्यांचे दोन थर असतात, हे बहुतेकांना ठाऊक नसते. एक थर ‘शेअरिंग’च्या खिडकीतला आणि दुसरा ‘सिक्युरिटी’ टॅबमधला. नेटवर्कवरून येणाऱ्या माणसाला दोन्ही थरांतून जावे लागते आणि त्यांपैकी जो अधिक कडक असेल तोच लागू होतो. फोटोंच्या शेअरवर मुलीला ‘चेंज’ दिले आणि सिक्युरिटी टॅबमध्ये फक्त ‘रीड’ ठेवले, तर तिला फोटो फक्त पाहता येतील. याउलट सिक्युरिटी टॅबमध्ये वरून वारशाने आलेला ‘यूजर्स’ किंवा ‘ऑथेंटिकेटेड यूजर्स’ हा गट तसाच राहिला, तर खाते असलेल्या घरातल्या कोणालाही त्या डेस्कटॉपसमोर बसून अशिलांचे फोल्डर उघडता येईल. म्हणून ‘अशील’ फोल्डरवर वारसा तोडून केवळ तुमचे खाते, सिस्टिम आणि ॲडमिनिस्ट्रेटर एवढेच ठेवा.

सांजवारा

हेमाडपंती यांनी सांगितलेले सगळे बरोबर आहे, पण घरासाठी ते गरजेपेक्षा जास्त आहे असे मला वाटते. वाय-फायचा पासवर्ड मोठा ठेवावा, पाहुण्यांना तो देऊ नये, आणि घरातल्या माणसांमध्ये भिंती उभारू नयेत. आमच्याकडे मी अशी खाती करून पाहिली, तेव्हा घरातली मंडळी पासवर्ड विचारला की कंटाळून फाइल पुन्हा व्हॉट्सॲपवर पाठवू लागली. त्यात कागदपत्रे तर जास्तच पसरतात. राउटर बाहेरचे हल्ले अडवतो. घरातल्या घरात धोका कोणाचा असणार?

दर्यावर्दी

सांजवारा, राउटरच्या भिंतीवरच्या या विश्वासाला २०१७ मध्ये जोराचा धक्का बसला. मी उरणच्या बाजूला बंदरावरच्या मालवाहतुकीशी संबंधित काम करतो, म्हणून ती घटना आम्हाला जवळची आहे.

त्या वर्षी १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचे कामकाज कोलमडले आणि सुमारे १५० देशांतले संगणक त्यात अडकले. त्याने वापरलेली फट फाइल शेअरिंगच्याच जुन्या पद्धतीत होती, जिला एसएमबी १ म्हणतात आणि जी ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे संगणकाच्या नेटवर्कवरच्या दारातून, चालते. मायक्रोसॉफ्टने त्यावरचा इलाज मार्चमध्येच दिला होता, म्हणजे ज्यांनी अद्यतन केले होते ते वाचले. पुढे २७ जून रोजी ‘नॉटपेट्या’ हा दुसरा व्हायरस आला. मर्स्क या जहाज कंपनीच्या यंत्रणा बंद पडल्या आणि न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातले त्यांच्या समूहाचे टर्मिनलही त्यात सापडले. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की नॉटपेट्या केवळ त्या फटीवर अवलंबून नव्हता. एका संगणकात शिरल्यावर तो त्याच्या मेमरीतून वापरकर्त्यांची नावे आणि पासवर्ड उचलत असे आणि त्यांच्याच आधारे शेजारच्या, पूर्ण अद्यतन केलेल्या संगणकातही जात असे.

घरातही नेमके हेच होऊ शकते. मुलाने कुठूनतरी उतरवलेला फुकटचा खेळ किंवा खोट्या कुरिअरच्या नावाने आलेली फाइल एका संगणकावर उघडली गेली, की हल्ला राउटरच्या आतून सुरू होतो. राउटर त्या वेळी काहीच करू शकत नाही.

सांजवारा

दर्यावर्दी, ही उदाहरणे मोठ्या कंपन्यांची आहेत. शिवाय एसएमबी १ तर २०१७ च्या शेवटापासून नव्या विंडोजमध्ये मुळात बसवलेलाच नसतो. मग आज त्याची भीती किती बाळगायची?

पारिजात

एसएमबी १ गेला म्हणून धोका संपत नाही, कारण खंडणी मागणाऱ्या व्हायरसला कोणत्याही फटीची गरज नसते. तो ज्या खात्याखाली चालतो, त्या खात्याला जिथे जिथे लिहिण्याची परवानगी आहे, तिथल्या फाइली तो उघडपणे कुलूपबंद करतो. सासऱ्यांच्या संगणकावर डेस्कटॉपचा डी ड्राइव्ह ‘झेड’ म्हणून जोडलेला असेल आणि त्यांच्या हातून चुकीची फाइल उघडली गेली, तर अशिलांची सगळी कागदपत्रे त्या संगणकाकडूनच बिघडतील. त्या वेळी डेस्कटॉपचा अँटिव्हायरसही कदाचित गप्प राहील, कारण त्याच्या दृष्टीने एका ओळखीच्या माणसाने स्वतःच्या अधिकारात फाइली बदललेल्या असतात.

म्हणून घरातल्या माणसांमध्ये भिंत नको, ही भावना मी समजू शकते, पण इथे अविश्वास माणसांवर दाखवायचा नसून त्यांच्या संगणकांवर दाखवायचा आहे. वाचण्याची परवानगी उदारपणे द्या, लिहिण्याची मात्र ज्याला खरोखर लागते त्यालाच द्या. माझ्या मते या धाग्यातला हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे.

दुसरे असे की विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून नियमित मिळणारी सुरक्षा अद्यतने, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सासऱ्यांच्या संगणकावर वाढीव मुदतीची नोंदणी केलेली नसेल, तर त्याला फोटोंपलीकडे काहीही दाखवू नये.

तांबडफुटी

मी वयाने ज्येष्ठ आहे आणि मला या सगळ्यापेक्षा पेन ड्राइव्ह सरळ वाटतो. हातात घ्यावा, दुसऱ्या संगणकाला लावावा, काम झाले. नेटवर्कच नाही, तर चोरी कुठून होणार?

पारिजात

काका, पेन ड्राइव्हचा एक स्वतंत्र त्रास आहे. तोच पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटसाठी जातो, तिथल्या संगणकावरून फोल्डरांच्या जागी शॉर्टकट तयार करणारा व्हायरस घेऊन येतो आणि घरातल्या प्रत्येक संगणकाला देतो. शिवाय तो रिक्षात पडला, तर त्यातले आधार कार्ड वाचायला पासवर्डही लागत नाही. वापरायचाच असेल तर ‘बिटलॉकर टू गो’ने कुलूपबंद केलेला वापरावा. तसे कुलूप लावण्यासाठी विंडोजची प्रो आवृत्ती लागते. उघडायला होम आवृत्तीही चालते.

बोरूबहाद्दर

आमच्या घरी अक्षय्यतृतीयेनंतर आंब्याच्या पेटीला ‘रीड ओन्ली’ परवानगी लावता आली असती, तर मी हा धागा छापून फ्रीजवर चिकटवला असता.

अबोली

सगळ्यांचे आभार. हेमाडपंती सरांनी सांगितल्याप्रमाणे ड्राइव्हचे शेअरिंग बंद केले आणि तीन फोल्डरे केली. आता लॅपटॉपवरून डेस्कटॉप उघडायला गेले की नाव आणि पासवर्ड विचारतो. डेस्कटॉप सुरू करताना जो पिन टाकते तोच दिला, तरी ‘चुकीचा पासवर्ड’ असे सांगतो. पिन बरोबर आहे याची खात्री आहे.

हेमाडपंती

पिन बरोबरच असणार, पण तो नेटवर्कवर चालत नाही. विंडोजचा पिन हा त्या एका यंत्रापुरता असतो. दुसऱ्या संगणकावरून येताना खात्याचा खरा पासवर्डच लागतो. तुमचे डेस्कटॉपवरचे खाते मायक्रोसॉफ्टच्या ईमेलशी जोडलेले असेल, तर नाव म्हणून पूर्ण ईमेल आणि पासवर्ड म्हणून त्या ईमेल खात्याचा पासवर्ड द्यावा लागतो. सी ड्राइव्हवर तुमच्या नावाचे जे फोल्डर दिसते, ते ईमेलच्या पहिल्या पाच अक्षरांचे असते, त्यामुळे लोक तेच नाव टाकत बसतात.

मला ईमेल खात्याचा पासवर्ड घरभर वापरणे पसंत नाही. त्यापेक्षा डेस्कटॉपवर फक्त शेअरिंगसाठी स्थानिक खाती उघडावीत. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘अकाउंट्स’, मग ‘अदर यूजर्स’, मग ‘ॲड अकाउंट’ असे जा. ईमेल विचारला की ‘आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन’ निवडा आणि पुढच्या खिडकीत ‘ॲड अ यूजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट’ घ्या. होम आवृत्तीतही हे जमते. ‘कार्यालय’ हे खाते तुमच्यासाठी, ‘कॉलेज’ मुलीसाठी आणि ‘घर’ फोटो पाहण्यासाठी. तिन्ही साधी खाती ठेवा, ॲडमिनिस्ट्रेटर करू नका. पासवर्ड रिकामा ठेवू नका, कारण रिकाम्या पासवर्डच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून येऊ देत नाही. आणि ‘अशील’ फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये आता ‘कार्यालय’ या खात्याचे नाव घालायला विसरू नका, नाहीतर शेअर दिसेल पण उघडणार नाही.

आणखी एक अडचण तुम्हाला लगेच येईल, म्हणून आधीच सांगतो. तुमच्या लॅपटॉपवर ‘घर’ खात्याने फोटो उघडून ठेवले आणि मग ‘कार्यालय’ खात्याने अशिलांचे फोल्डर उघडायला गेलात, तर विंडोज नकार देईल आणि १२१९ क्रमांकाची त्रुटी दाखवेल, कारण एका सर्व्हरशी एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी जोडणी करता येत नाही. म्हणून तुमच्या लॅपटॉपवरून सगळी फोल्डरे ‘कार्यालय’ याच खात्याने उघडा आणि त्या खात्याला फोटोंवरही लिहिण्याचा अधिकार द्या. आधी चुकीच्या नावाने जोडणी झाली असेल, तर विंडोज जिथे पासवर्ड साठवते त्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मधून ती नोंद पुसा आणि एकदा साइन आउट करा.

घाटमाथा

मुलीच्या उबुंटूविषयी लिहितो. लिनक्सवरून विंडोजची शेअर केलेली फोल्डरे उघडण्याची सोय मुळापासून आहे. ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या सांबा या प्रकल्पामुळे लिनक्स आणि विंडोज ही दोन्ही घरे एकमेकांशी बोलू लागली, आणि तो आजही मुक्त सॉफ्टवेअर आहे. ‘फाइल्स’ उघडून ‘अदर लोकेशन्स’मध्ये (नव्या आवृत्त्यांत ‘नेटवर्क’मध्ये) डेस्कटॉपचा पत्ता दिला की नाव आणि पासवर्ड विचारला जातो. तिथे ‘कॉलेज’ खाते वापरायचे.

तिला हे फोल्डर संगणक सुरू होताच कायम जोडलेले हवे असेल, तर जोडणीच्या यादीत, म्हणजे एफएसटॅब या फाइलमध्ये, ओळ लिहावी लागते. अनेक ठिकाणी पासवर्ड त्याच ओळीत लिहा असे सुचवलेले दिसते, आणि ते मला अजिबात योग्य वाटत नाही, कारण ती फाइल त्या संगणकावरचा कोणीही वाचू शकतो. नाव आणि पासवर्ड एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवावेत, तिची मालकी रूटकडे, म्हणजे लिनक्सच्या मुख्य प्रशासक खात्याकडे, द्यावी आणि परवानगी ६०० ठेवावी, म्हणजे मालकाशिवाय ती कोणाला वाचता येणार नाही.

डेस्कटॉपचा पत्ता बदलत राहू नये म्हणून राउटरच्या डीएचसीपी विभागात, म्हणजे जिथून यंत्रांना पत्ते वाटले जातात तिथे, त्याच्यासाठी एक पत्ता राखून ठेवा. इंटरनेट कंपनीच्या यंत्राला तुम्ही स्वतःचा दुसरा राउटर जोडला असेल, तर घरात दोन वेगळी नेटवर्क तयार झालेली असतात. एका संगणकाचा पत्ता १९२.१६८.१ ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल, तर ते एकमेकांना न दिसण्याचे कारण बहुधा तेच असते. स्वतःचा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वेगळे नेटवर्क न करता फक्त वाय-फाय पुरवण्यासाठी, लावला की हे सुटते. आणि डेस्कटॉप झोपी गेला की शेअरही जाते, तेव्हा वीज जोडलेली असताना स्लीप बंद ठेवा.

कोकणकडा

आतापर्यंत प्रवेशाबद्दल लिहिले गेले, प्रवासाबद्दल नाही. फाइल डेस्कटॉपवरून लॅपटॉपवर हवेतून जाते, तेव्हा तिचे काय होते?

डब्ल्यूपीए ही वाय-फायच्या सुरक्षेची पद्धत. तिच्या डब्ल्यूपीए २ या प्रकारच्या वाय-फायमध्ये प्रत्येक यंत्राचे दळणवळण कूटबद्ध असते. परंतु ज्याच्याकडे वाय-फायचा सामायिक पासवर्ड आहे आणि ज्याने एखादे यंत्र जोडले जात असतानाचे सुरुवातीचे संदेश टिपले आहेत, त्याला त्या यंत्राचे पुढचे दळणवळण उलगडता येते. म्हणजे वाय-फायचा पासवर्ड देणे याचा अर्थ केवळ इंटरनेट देणे एवढाच होत नाही. डब्ल्यूपीए ३ मध्ये ही उणीव दूर केली आहे. घरातली सगळी यंत्रे त्याला जोडता येत असतील तर तोच निवडा. नसतील तर संमिश्र पर्याय ठेवा.

याच्या जोडीने फाइलींचा प्रवास स्वतंत्रपणे कूटबद्ध करता येतो. विंडोज ८ बरोबर आलेल्या एसएमबी ३ मध्ये ही सोय आहे आणि विंडोज १० पासून एसएमबी ३.१.१ वापरात आहे. मात्र ती आपोआप चालू नसते. डेस्कटॉपवर पॉवरशेल, म्हणजे आदेश टाइप करण्याची खिडकी, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून, सेट-एसएमबीशेअर या आदेशाने फक्त ‘अशील’ या शेअरसाठी ‘एन्क्रिप्टडेटा’ हा पर्याय चालू करा. मग ज्या यंत्राला कूटबद्ध जोडणी करता येत नाही, त्याला ते शेअर उघडणारच नाही. लॅपटॉपवर फोल्डर उघडून गेट-एसएमबीकनेक्शन चालवले की जोडणी कोणत्या आवृत्तीची आहे ते दिसते, तिथे ३.१.१ दिसायला हवे.

विंडोज ११ प्रोमध्ये २४एच२ या आवृत्तीपासून प्रत्येक जोडणीला स्वाक्षरी सक्तीची केली गेली आहे, पण स्वाक्षरीमुळे वाटेत फेरफार झाला तर कळतो, मजकूर झाकला जात नाही. या दोन गोष्टींत गल्लत करू नये.

सांजवारा

कोकणकडा, पाहुण्यांच्या पासवर्डचा हा अर्थ माझ्या लक्षात आला नव्हता. मग गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठी त्याच राउटरवरचे वेगळे वाय-फाय, पुरेसे होईल ना?

कोकणकडा

मैत्रिणी आणि पाहुणे यांच्यासाठी नक्कीच. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क चालू करा आणि त्यावरून घरातल्या यंत्रांकडे जाण्याची मुभा बंद आहे ना, हे एकदा स्वतः फोन जोडून तपासा, कारण काही राउटरमध्ये तो पर्याय वेगळा असतो. घरात येणारा दिवा, कॅमेरा, टीव्ही अशी यंत्रेही तिकडेच ठेवावीत. यजमानांचा कंपनीचा लॅपटॉपही गेस्ट नेटवर्कवर ठेवलेला बरा. त्यावर अशिलांची फाइल जाणे त्यांनाही अडचणीचे आणि तुम्हालाही. आणि मुख्य वाय-फायचा आताचा पासवर्ड मैत्रिणींच्या लॅपटॉपमध्ये साठलेला आहे, तेव्हा तो बदलल्याशिवाय गेस्ट नेटवर्कचा उपयोग नाही.

राउटरवर डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण दाबून किंवा पिन देऊन यंत्र वाय-फायला जोडण्याची सोय, चालू असेल तर तेही बंद करा. त्याचा पिन आठ अंकी असला तरी तो दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा अंक केवळ पडताळणीचा असतो, म्हणून कोट्यवधी शक्यतांऐवजी फार तर ११,००० प्रयत्न पुरतात. ही उणीव २०११ मध्येच जाहीर झाली आहे, तरी ते बटण जुन्या राउटरवर अजून चालू अवस्थेत सापडते.

अष्टपैलू

मी पुण्यात घरून काम करतो आणि मला शेअर केलेल्या फोल्डरांपेक्षा सिंकथिंग, म्हणजे दोन यंत्रांवरची फोल्डरे आपोआप सारखी ठेवणारे सॉफ्टवेअर, हा मार्ग अधिक पटतो. प्रत्येक यंत्राची स्वतःची ओळख असते, दोन्ही बाजूंनी मान्यता दिल्याशिवाय जोडणी होत नाही, सगळा प्रवास टीएलएस या पद्धतीने कूटबद्ध असतो आणि मधे कोणाचाही सर्व्हर फाइली साठवत नाही. ४४५ पोर्ट उघडावेच लागत नाही. डेस्कटॉप बंद असला तरी लॅपटॉपवर प्रत असते, धुळ्याला गेल्यावरही ती सोबत असते. अबोलीताईंच्या गरजेला हे चपखल बसेल.

पारिजात

मुलीच्या कॉलेजच्या फोल्डरासाठी मलाही हे आवडेल. अशिलांच्या कागदपत्रांसाठी मात्र मी विरोध करीन. सिंकथिंगमध्ये फाइलीची पूर्ण प्रत लॅपटॉपवर येते, आणि लॅपटॉप प्रवासात हरवला की सगळ्या अशिलांची कागदपत्रे हरवतात. लॅपटॉपची डिस्क पूर्ण कूटबद्ध असेल तरच हा विचार करावा. शिवाय एका बाजूला फाइल पुसली गेली किंवा व्हायरसने बिघडवली, तर ती बिघडलेली प्रतच दुसरीकडे पोहोचते. जुन्या आवृत्त्या राखण्याचा पर्याय त्यात आहे, पण तो आपण चालू करावा लागतो.

बॅकअप ही यापेक्षा निराळी गोष्ट आहे आणि तुमच्या व्यवसायात ती अत्यावश्यक आहे. मी सुचवीन की दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्याव्यात, दोन्ही कूटबद्ध कराव्यात आणि त्यांपैकी एकच डेस्कटॉपला लावावी, तीही बॅकअप होईपर्यंतच. दुसरी घराबाहेर, विश्वासातल्या नातेवाइकाकडे ठेवावी आणि दर महिन्याला अदलाबदल करावी. जुलैमध्ये रिटर्न्सची गर्दी सुरू होण्याआधी एकदा त्यातली चार फाइली परत मिळवून पाहाव्यात, कारण न तपासलेल्या बॅकअपवर विसंबणे धोक्याचे आहे. तुम्ही नवीन काही विकत न घेता म्हणाला आहात हे ठाऊक आहे, पण एवढा एक खर्च टाळू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

घाटमाथा

धुळ्याहून फाइल उघडण्याबद्दल कोणी सविस्तर लिहिले नाही, म्हणून लिहितो. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी थेट घरातल्या संगणकाकडे वळवून, ४४५ बाहेरच्या जगासाठी उघडण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कदापि मानू नका. घरगुती साठवणुकीची यंत्रे थेट इंटरनेटवर ठेवल्यामुळे काय होते, हे जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ या व्हायरसने दाखवले, क्यूनॅप या कंपनीची अनेक यंत्रे त्यात कुलूपबंद झाली आणि मालकांकडे खंडणी मागितली गेली.

योग्य मार्ग म्हणजे स्वतःचा खासगी बोगदा, अर्थात व्हीपीएन. वायरगार्ड हा असाच एक व्हीपीएन मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ या कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यातच, सामील झाला. तो हलका आहे आणि त्यात पासवर्डाऐवजी किल्ल्यांची जोडी असते. अडचण अशी की आपल्याकडच्या अनेक घरगुती जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही, कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटते. राउटरच्या माहितीत बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांमधल्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुमची जोडणी तशीच आहे आणि बाहेरून थेट घरी येता येणार नाही. अशा वेळी टेलस्केलसारखी सेवा उपयोगी पडते. तिचा पाया वायरगार्डच आहे आणि दोन्ही यंत्रे आतून बाहेर जोडणी करत असल्याने पोर्ट उघडावे लागत नाही. तिच्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी मात्र लावाच.

दर्यावर्दी

एक कायदेशीर मुद्दा अबोलीताईंनी लक्षात घ्यावा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ हा व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला लागू होत नाही. घरच्या फोटोंना म्हणूनच त्याची चिंता नाही. पण अशिलांचे पॅन आणि आधार घरातल्या संगणकावर असले तरी त्यांचा वापर व्यवसायासाठी आहे, त्यामुळे ती सवलत तिथे मिळत नाही. वाजवी सुरक्षेची जबाबदारी त्या कायद्याने माहिती हाताळणाऱ्यावर टाकली आहे, तिच्या उल्लंघनासाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची कमाल मर्यादा आहे आणि या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तुमच्यासारख्या छोट्या व्यावसायिकाला एवढा दंड होईल असे मी म्हणत नाही, पण ‘घरातच तर आहे’ हे उत्तर अशिलाला देता येणार नाही.

अबोली

सगळ्यांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. आज जे उभे राहिले आहे ते सांगते. ‘अशील’, ‘फोटो’ आणि ‘कॉलेज’ ही तीन शेअर आणि तीन स्थानिक खाती झाली. ‘अशील’वर कूटबद्धता चालू आहे आणि लॅपटॉपवर ३.१.१ दिसते. माझ्या लॅपटॉपच्या होम आवृत्तीत ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ आधीपासून चालू होते, त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून कपाटात ठेवली. सासऱ्यांना फोटो दिसतात, पुसता येत नाहीत. त्यांना पासवर्ड एकदाच टाकावा लागला, नंतर संगणकाने तो लक्षात ठेवला, तेव्हा सांजवारा यांनी लिहिलेला कंटाळा आमच्याकडे आला नाही. यजमानांचा लॅपटॉप आणि टीव्ही गेस्ट नेटवर्कवर गेले, वाय-फायचा पासवर्ड बदलला आणि डब्ल्यूपीएस बंद केले. हार्ड डिस्क या आठवड्यात घेते.

एक गोष्ट मात्र अडली आहे. माझा जुना स्कॅनर-प्रिंटर स्कॅन केलेली फाइल थेट डी ड्राइव्हवरच्या फोल्डरात टाकत असे, ते बंद झाले. शोधल्यावर ठिकठिकाणी ‘विंडोज फीचर्समध्ये जाऊन एसएमबी १ चालू करा’ असेच उत्तर मिळते. अशील समोर बसलेला असताना कागद स्कॅन करावे लागतात, त्यामुळे ही सोय मला हवीच आहे.

हेमाडपंती

एसएमबी १ चालू करू नका. एका स्कॅनरसाठी डेस्कटॉपवर तो चालू केला, तर तुम्ही आता उभी केलेली सगळी मांडणी त्या एका दारापाशी कमकुवत होईल.

दिशा उलटी करा. आतापर्यंत स्कॅनर फाइल डेस्कटॉपकडे ढकलत होता, म्हणून डेस्कटॉपला त्याच्यासाठी शेअर उघडे ठेवावे लागत होते. आता डेस्कटॉपला ती स्कॅनरकडून ओढून घेऊ द्या. कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या मॉडेलचा स्कॅनिंगचा ड्रायव्हर बसवा आणि विंडोजचे ‘स्कॅन’ ॲप किंवा त्यांचेच सॉफ्टवेअर उघडून तिथून स्कॅन सुरू करा. स्कॅनर वाय-फायवर असला किंवा यूएसबीने जोडलेला असला तरी हे चालते, आणि फाइल थेट त्या अशिलाच्या फोल्डरात जतन होते. स्कॅनरला कोणत्याही खात्याचा पासवर्ड द्यावाच लागत नाही. आधी दिलेला पासवर्ड त्याच्या पत्त्यांच्या यादीत साठलेला असेल, तो तेवढा पुसून टाका.

अबोली

ड्रायव्हर मिळाला आणि स्कॅन ‘अशील’ फोल्डरात उतरले. स्कॅनरच्या यादीत माझ्या ईमेल खात्याचा पासवर्ड खरोखरच साठलेला निघाला. त्या तंत्रज्ञानेच तो घातला असावा. यादीतून पुसला आणि ईमेलचा पासवर्डही बदलला.